मी शिकवलेला तोतया

तोतया राजांच्या कादंबऱ्यांचं मला तेव्हा वेड होतं. खरा राजा कैदेत, त्याच्या तोंडवळ्याचा कुणी परका गादीवर, दरबारात कारस्थानं, जिन्यांवर तलवारी. सोनईच्या बाजारातून अशी पुस्तकं भाड्यानं आणायचो आणि वाचलेलं रंगवून सांगायचो. ऐकणाऱ्यांत धाकटे मालकही असत. शाळा त्यांची होती. मी तिथं तात्पुरता मास्तर.

पंचायत समितीच्या निवडणुकीला दहा-बारा दिवस उरले आणि उमेदवार असलेल्या धाकट्यांच्या भावाला, थोरल्या मालकांना, लकवा झाला. एक बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा गेलेली. त्यांना माडीवर ठेवून दार लावलं. तरी 'मालक गेले, मढं झाकून ठेवलंय' अशी आवई विरोधकांनी उठवलीच. धाकट्यांनी मला बोलावलं.

"मास्तर, तुमच्या गोष्टीतल्यासारखा एक माणूस हाय आपल्याकडं."

तो ऊसतोड्या होता. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून बायकोला घेऊन टोळीबरोबर आलेला. थोरल्या मालकांचंच नाक, तीच हनुवटी, तशाच जाड भुवया. "ह्याची आई पूर्वी तुमच्याच मळ्यात खुरपायला हुती," असं मुकादम म्हणाला, आणि धाकट्यांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही.

चार दिवस मी त्याला बसायला, चालायला, हात वर करायला शिकवलं. खरं सांगतो, मला मजा येत होती. पुस्तकातलं काहीतरी माझ्या हातून घडत होतं.

"न्हाई जमायचं मास्तर. लोक वळखतील."

"बोलायचंच नाही. घसा बसलाय म्हणून आम्ही सांगू. फक्त मान खाली घालू नकोस."

पण मुकादमासमोर वाकायची सवय लागलेली ती मान, खाली जायचीच. मग धाकटे मालक हनुवटीखाली छडी मारायचे. छडी शाळेतली, मीच आणलेली.

बाजाराच्या दिवशी फेटा, काळा गॉगल, मालकांचा कोट घालून त्याला उघड्या जीपमध्ये उभं केलं. भोवती आमची माणसं, लोक लांबच. त्यानं मान ताठ ठेवली. गर्दी जयजयकार करू लागली तेव्हा तो हसला. ते काही मी शिकवलं नव्हतं. निवडणूक आम्ही जिंकलो.

महिन्याभरात थोरल्या मालकांना बोबडं बोलता येऊ लागलं. त्यांनी त्याला माडीवर बोलावलं. मी तिथं होतो. त्यांचा स्वतःचा अर्धा चेहरा लोंबत होता आणि समोर त्यांचाच अख्खा चेहरा हात जोडून उभा. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे तोंड... नको," एवढंच म्हणाले.

त्याला गावी धाडतील असं मी समजलो. दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी मलाच निरोप द्यायला पाठवलं: गुऱ्हाळावर ये, बक्षीस म्हणून गुळाची ढेप घेऊन जा. मी सांगितलं म्हणून तो कोयता टाकून लगेच निघाला.

काहिलीतला उकळता रस त्याच्या तोंडावर पडला. पाय घसरला, असं गुऱ्हाळावरचे सगळे अगदी त्याच शब्दांत सांगत होते.

त्याची बायको शाळेत आली. वर्गाच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, पाय कसा घसरंल? त्यो बसल्याला हुता. दोघांनी धरलं हुतं त्याला."

"मला माहीत नाही, बाई."

"निरोप तुमीच आनला ना?"

मी पोरांना पुस्तकं उघडायला सांगितली आणि धडा वाचू लागलो. ती घंटा होईपर्यंत तिथंच उभी होती.

हंगाम संपायच्या आधीच मुकादमानं त्यांना बैलगाडीत घालून परत पाठवलं. गाडी शाळेवरूनच गेली. तो पाचटावर आडवा होता, तोंडावर ओलं धोतर. एक डोळा गेला, असं पुढं कळलं.

जूनमध्ये मला शाळेत कायम केलं. हुकूम घेताना मी धाकट्या मालकांचे आभार मानले, आणि ती नोकरी निवृत्तीपर्यंत केली.