बवाजच्या आधीचा माणूस

रूथची गोष्ट मी चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत इतक्या वेळा शिकवली आहे की झोपेतही सांगू शकेन. नवरा मेलेली सून सासूला सोडत नाही, तिच्यामागून परक्या गावी येते, दुसऱ्याच्या रानात सरवा वेचून दोघींचं पोट भरते. रानाचा मालक बवाज तिला हाकलत नाही, उलट मजुरांना मुद्दाम कणसं टाकायला सांगतो. पुढे तिच्याशी लग्न करून सासूची गेलेली जमीनही सोडवतो. देव कसा पुरवतो आणि कसा सोडवतो, दोन्ही एका गोष्टीत येतं. मला सोपं पडतं. मी चौथी शिकलेली बाई, फार खोलात जायला येत नाही.

यंदा पाळकसाहेबांनी नवं पुस्तक आणलं. रंगीत चित्रं, पांढऱ्याफटक गालांची रूथ, हातात गव्हाची पेंढी. हंगामाच्या सणाला पोरांचं नाटक बसवा म्हणाले. आमच्याकडे हार्वेस्टर येऊन तासाभरात गहू काढून जातं. पोरांनी पेंढी कुठून बघायची?

वर्गात विचारलं, “देव आपल्याला कसं पुरवतो?”

एक जण म्हणाला, “रेशनवर.”

सगळे हसले. मी त्याला बाहेर काढणार होते, पण त्याचं अगदीच चूक नव्हतं म्हणून सोडलं. मग विचारलं, “सरवा म्हंजे काय?” शेवटी मागं बसलेली दहा वर्षांची एक पोरगी हळूच म्हणाली, “रानात पीक काढल्यावर राहिलेलं वेचायचं. आमी कांद्याचा करतो.”

मला इतका आनंद झाला की मी पुढचा विचारच केला नाही. तिला पुढं बोलावलं. म्हटलं, तूच रूथ. दाखव सगळ्यांना, सरवा कसा करतात. ती उठेना. “ऊठ की, एवढी काय लाजतीस?” म्हणून मी दंडाला धरून उठवलं. तिनं ओढणीची ओटी बांधली, कमरेतून वाकली आणि पायाच्या अंगठ्यानं जणू माती चाचपत पुढं सरकली. मातीत राहिलेला कांदा असाच लागतो. मी लहानपणी आईबरोबर भुईमुगाचा सरवा केलेला आहे, त्यामुळे ती किती बरोबर करते आहे ते मला कळत होतं. पण पोरांना मी ते कधी सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या रांगेत आमच्या चर्चच्या एका पंचांचा नातू बसला होता. त्याला मी बवाज केलं होतं. तो ओरडला, “बाई, ही आमच्या रानात आल्ती! हिला आन हिच्या आईला आज्यानं हाकलून दिलं.”

“सरवेवाली, सरवेवाली,” बाकीच्यांनी सुरू केलं.

मी पट्टी आपटून गप्प केलं आणि पुढचं वाचायला घेतलं. सण जवळ आला होता, नाटक बसवायचं होतं. पोरगी जागेवर जाऊन बसली, तिनं ओटी सोडली, एवढंच मी बघितलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मग मी तिच्या घरी गेले. घोडेगावच्या रस्त्याला, गावाच्या शेवटी पत्र्याची खोली आहे. माय दारात बसून वेचून आणलेल्या कांद्यातले सडके बाजूला काढत होती. मला सलाम केला, पाणी दिलं, आणि मग बोलली.

“बाई, तुमी देवाचं शिकवता, चांगलं हाय. पन आमचं पोट पोरांच्या फुडं मांडायचं काय काम हुतं?”

“मी तिला रूथ केलं,” मी म्हटलं. “मोठा मान हाय त्यो. येशूच्या वंशावळीतली बाई ती.”

“मग त्या पंचाची नात बी येती की, तिला द्या मान. तिला कशी न्हाई वाकवली?”

मला राग आला. एवढं घरी चालत यायचं आणि वर ऐकून घ्यायचं. मी आत तोंड करून पोरीला म्हटलं, “काय गं, रूथला लाज वाटली न्हाई, तुलाच कशी वाटती?”

ती आतूनच म्हणाली, “रूथला बवाजनं जेवायला बोलावलं. आमच्यावर कुत्रं सोडलं.” थोडं थांबून म्हणाली, “मी न्हाई येनार आता. ती गोष्ट खोटी हाय.”

पोर चर्च सोडते, याचं मला एवढं वाटत नाही. बरीच सोडतात, क्लास असतो, क्रिकेट असतं. पण ही पोरगी गोष्ट खोटी समजून जाणार होती, आणि ती खोटी आहे हे तिला माझ्याच वर्गात कळलं होतं. पुन्हा तिला कोण काय सांगणार?

तिथून तशीच पंचांच्या मळ्यात गेले. कांदा काढून झाला होता, पात कापून ढीग लागले होते. आंब्याखाली कुत्रं बांधलेलं होतं.

“या आक्का, सलाम. नाटक कुठवर आलं?”

“नाटक ऱ्हाऊ द्या. तुमी त्या मायलेकीवर कुत्रं सोडलं का?”

“सोडलं न्हाई, सुटलं,” ते म्हणाले. “आन सोडलं तरी काय? सरवा म्हनत्यात आन ढिगातलं भरत्यात. शिवाय मला मेंढरं बसवायचीत. ऱ्हायलेलं मेंढरं खात्यात, खत मिळतं.”

“रानाचे कोपरे गरिबाला ठेवावेत असं लिहिलंय.”

“ते जुन्या करारातलं, आक्का. आपन नव्या करारातली मानसं.”

“आन तुमचा नातू बवाज होनार, त्यो बवाज कंच्या करारातला?”

ते हसले. वाईट माणूस नाहीत. चर्चचा पत्रा गळला तेव्हा तेच वर चढले होते. म्हणाले, “बरं, एवढंच म्हनताय तर येऊ द्या त्यांना बुधवारी. तिकडच्या दोन वाफ्यात.” मी ते वाफे बघून आले. मेंढरं आधीच फिरून गेली होती, लेंड्या पडल्या होत्या. तो निरोप मी पोहोचवलाच नाही.

घरी आले आणि चिडून पवित्र शास्त्र काढलं. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं, पहिल्यापासून नीट वाचलं. शेवटच्या अध्यायात एक माणूस आहे, त्याला मी दरवेळी गाळते. लहान मुलांना काय सांगायचं म्हणून. पाळकसाहेबांच्या रंगीत पुस्तकातही तो नाही. जमीन सोडवायचा हक्क बवाजचा पहिला नव्हताच. सासूचा त्याच्याहून जवळचा एक नातलग होता. जमीन म्हटल्यावर तो हो म्हणाला, पण रूथशी लग्नही करावं लागेल कळल्यावर मागं सरला. माझ्या वतनाची नासाडी होईल म्हणाला. हक्क सोडल्याची खूण म्हणून पायातली चप्पल काढून बवाजला दिली आणि गेला. त्याचं नावसुद्धा लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत त्या पत्र्याच्या खोलीत गेले. माय कामाला गेली होती. पोरगी एकटी भांडी घासत होती.

“मी गोष्ट अर्धी सांगितली हुती,” मी म्हटलं. “चूक माझी. आन तुला सगळ्यांफुडं वाकायला लावलं तीबी माझीच. मी बी सरवा केलाय, आन मी कधी उभं ऱ्हाऊन दाखवला न्हाई.”

ती भांडी घासतच राहिली. मी त्या नातलगाची गोष्ट सांगितली. चप्पल काढली तिथं तिचा हात थांबला.

“त्यानं कुत्रं सोडलं हुतं का?”

“तेवढं लिहिलं न्हाई.”

“आन बवाज नसता तर?”

“मला म्हाईत न्हाई,” मी म्हटलं. खरंच माहीत नाही. पुस्तकात त्याचं उत्तर नाही, पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, देवाची योजना असते. मी म्हटलं, दहा वर्षांच्या पोरीला हे तुम्हीच सांगून बघा.

रविवारी ती आली. दाराजवळ बसली. मी वर्गात पूर्ण गोष्ट सांगितली, मीही सरवा केला आहे हेही सांगितलं. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना चप्पल काढणारा माणूस आवडला, पण नाटकात तो कोण होणार विचारलं तर एकही हात वर नाही. पंचांचा नातू म्हणाला, “मी तर बवाज हाय.”

दाराजवळून आवाज आला, “मी होनार.”

“तू?”

“मला येतं, कसं हाकलायचं ते.”

ती पुढं आली. कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि जड आवाजात म्हणाली, “माझ्या रानाची नासाडी करता व्हय गं? चला, निघा हितनं!” पोरं खिदळली. नातू हसला नाही. तिनं चप्पल काढून त्याच्या हातात दिली, तेव्हा त्यानं ती मुकाट्यानं घेतली. ते हाकलायचं वाक्य शास्त्रात नाही, तरी मी ते राहू दिलं.

सणाला पंच पहिल्या बाकावर होते. नाटक बघून त्यांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, नंतर मला म्हणाले, “पोरीनं आवाज काय काढला, आक्का!” त्यांच्या रानात अजून कुणाला शिरू देत नाहीत. मी दोनदा चर्चच्या बैठकीत विषय काढला, दोन्ही वेळा चहा आला आणि विषय बदलला. देव पुरवतो हे मी अजून शिकवते, पण शिकवताना अंगाचा तिळपापड होतो.

पोरगी येते. उशिरा येते, कारण मायलेकी आता लांबच्या रानात सरव्याला जातात आणि रविवारीही पहाटे निघतात. प्रार्थना संपल्यावर मातीच्या पायांनी सतरंजीच्या कडेला बसते. उशिरा आलेल्या बाकीच्यांना मी उभं करते. तिला करत नाही. त्यावरून पोरं कुरकुरतात, त्यांना कुरकुरू देते.