बुजवलेल्या खिडकीवरचं नाव

अनंत परब कुठल्याही वर्गात शिरला की आधी फरशीवर मांडी घालून बसायचा. आर्किटेक्ट माणूस, कडक इस्त्रीची पँट, भोवती शाळेचे विश्वस्त उभे, आणि हा खाली बसून खिडकीकडे बघतोय. मलाही हाताला धरून ओढायचा. "बस रे. उभ्यान शाळा दिसता काय?"

डिलाईल रोडच्या त्या शाळेत पहिलीला आम्ही एका बस्करावर बसलो. मी चौथीतून सुटलो आणि लालबागला मसाल्याच्या डंकावर लागलो. तो शिकत गेला. टॉवर बांधले त्यानं, पण त्यांचं कौतुक त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बोलायचा तो शाळेबद्दलच. तिची डागडुजी जन्मभर त्यानंच केली. छप्पर बदललं, गिलावा बदलला, पण पहिलीच्या वर्गाची खिडकी वीतभरही वर सरकू दिली नाही. त्या बुटक्या खिडकीतून खाली बसलेल्या पोरालासुद्धा समोरच्या चाळीची गॅलरी दिसायची. शाळेच्या पहिल्या दिवशी अंत्यानं भोकाड पसरलं होतं. गॅलरीत आई कपडे वाळत घालताना दिसली, तेव्हा गप्प झाला. मी शेजारीच होतो, ऐकीव सांगत नाही.

नव्या विश्वस्तांना एसी हवा होता. खिडकी बुजवा म्हणाले, रस्त्याकडे बघून मुलांचं लक्ष उडतं. अंत्यानं सही दिली नाही. अध्यक्ष आमच्या पोरांच्या वयाचा. तो म्हणाला, "काका, आता आठवणी पुरे झाल्या."

अंत्या म्हणाला, "आठवण माझी आहे. रडणारी पोरं तुमची आहेत."

तो होता तोवर त्या भिंतीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. तो गेला आणि वर्षश्राद्धाच्या आत खिडकी विटांनी बुजली. वर त्याच भिंतीवर पितळेची पाटी, 'अनंत परब कक्ष'. ज्यानं अडवलं, त्याचंच नाव! मेलेला माणूस भांडायला येत नाही, म्हणून हे धाडस.

पाटीच्या समारंभात वर्गमित्र म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं. भाषण मला येत नाही. मी माईक बाजूला सारला, फरशीवर मांडी घातली आणि अध्यक्षाला सांगितलं, "या, इथं बसा आणि काय दिसतं ते सांगा. एक तर खिडकी उघडा, नाहीतर त्याचं नाव उतरवा."

कुणी बसलं नाही. आजोबांना चक्कर आली असेल म्हणून एकानं खुर्ची आणली. ती मी घेतली नाही. त्यांचा चहा झाला, फोटो झाले, तरी मी तिथंच बसून होतो. समोर नुसती भिंत. पाटीसुद्धा उभ्या माणसांच्या डोळ्यांसमोर ठोकलेली, अक्षरं बारीक. खाली बसून अंत्याचं नावही वाचता येत नव्हतं.