सी गेला, डी गेला

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे ताईच्या लग्नाचे सगळे फोटो घालवण्याचा मानही माझ्याकडेच आला.

फोटोग्राफरने पेनड्राइव्ह दिला आणि बजावलं, "माझ्याकडची कॉपी मी महिन्याभरात उडवतो." मी फोटो बाळकुम भागातल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर चढवले. हार्ड डिस्कचे दोन भाग पाडले, सी आणि डी. फोटो सीमध्ये, त्यांचा बॅकअप डीमध्ये. मग घरच्यांना बसवून (चहा पाजून!) हे सगळं समजावलं.

"म्हणजे डबे दोन?" आईने विचारलं.

"डबा एकच गं. आत कप्पे दोन."

"आणि डबाच पडला तर?"

"आई, हा कॉम्प्युटर आहे. भाताचं बियाणं नाही!"

आई चहाचे कप उचलून आत गेली. गावी असताना निम्मं बियाणं ती कायम मामाकडे ठेवायची. पण ती चौथी शिकलेली, मी ग्रॅज्युएट! आता पेनड्राइव्ह पुसून वापरतो असं घरात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तो सापडेना.

दोन महिन्यांनी ताईच्या सासूबाई अल्बमचे फोटो निवडायला येणार होत्या. आदल्या दिवशी कॉम्प्युटर लावला, तर आतून कट्-कट्-कट्! सी गेला. मी हसून म्हणालो, "घाबरू नका, डी आहे." डीही गेला! एकाच डिस्कवर राहत होते ना दोघं!

"अरे, बाबा आयुष्यात एकदाच फोटोत हसलेले रे!" माहेरी आलेली ताई किंचाळली.

मी डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावलो.

"ही संपली. बॅकअप आहे ना?"

"आहे."

"कुठेय?"

"हिच्यातच."

त्याने खुर्ची पुढे केली. मी बसलो.

घरी परतलो तर आईच्या फोनवरून कल्याणहून मामा आलेला. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारून त्यावरची डब्यातल्या तांदळाची भुकटी उडवली. ताईच्या लॅपटॉपवर लावला. सगळे फोटो! बाबांच्या हसण्यासकट!

"तू पुसणार म्हणालास, त्याच दिवशी मामाकडे पाठवला," आई म्हणाली. "बियाणं कधी एका घरात ठेवतात का रे?"

आईने कपाटातून माझं पदवीचं प्रमाणपत्र काढून मामाच्या हातात दिलं.

"दादा, हेही तुझ्याकडेच राहू दे. इथे तसाही काही उपयोग होताना दिसत नाही!"

मामाला रिक्षापर्यंत सोडायला मीच गेलो. प्रमाणपत्र दुमडू नये म्हणून पुठ्ठाही मीच लावून दिला.