झऱ्यावरचा पांढरा दगड

बिरूनाना गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं दिली. साताऱ्याच्या स्टँडवर मी कऱ्हाडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. जतहून आलेली गाडी लागली आणि कंडक्टर खाली उतरता उतरताच म्हणाला, "गुरुजी, नाना गेलं. परवा सकाळी. तुमास्नी सांगा म्हणून त्यांच्या लेकानं निरोप दिलाय." एवढं बोलून तो तिकिटाची पेटी सांभाळत कंट्रोलरच्या खिडकीकडं निघून गेला. त्याची काही चूक नव्हती, गाडीला उशीर झाला होता. मी कऱ्हाडची गाडी सोडली, मग तिच्या मागची सोडली... कऱ्हाडला कशासाठी निघालो होतो तेही आठवेना. शेवटी समोर जतची परत जाणारी गाडी लागली तेव्हा तिच्यात बसलो.

आमचं मंडळ फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगतो. सातारा-सांगलीकडच्या शाळांतल्या मुलामुलींना मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस जावळीच्या रानात न्यायचं आणि नकाशा, चूल, झाडं, पाखरं, पाणी यांची ओळख त्यांच्या त्यांना करून घेऊ द्यायची, एवढंच आमचं काम. दुष्काळाच्या आदल्या वर्षी ते सुरू झालं. विश्वस्त चौघे. सांगलीचे डॉक्टर, पाचगणीच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका (त्यांना आम्ही सगळे नुसतं बाई म्हणतो), चिटणीस म्हणून मी, आणि बिरूनाना. पगार कुणालाच नाही. उलट गाडीभाडंही आपापलं. मी भूगोलाचा शिक्षक, अंगात नकाशाची मस्ती. मेंढरं राखणारा निरक्षर माणूस विश्वस्त कशाला, असं मीच पहिल्या बैठकीत विचारलं होतं. वाटाड्या म्हणून ठेवू की, असंही म्हणालो. त्यावर डॉक्टर म्हणाले, "वाटाड्याला आपण सांगणार. मला आपल्याला सांगणारा माणूस हवाय." नाना जतचे, डॉक्टरांचे जुने पेशंट. ते त्या वेळी दवाखान्याच्या उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते. सगळं ऐकत होते, पण ऐकलं असं त्यांनी पुढं कधीही दाखवलं नाही.

नंतर दर बैठकीला ते तिथंच बसले. खुर्ची दिली की म्हणायचे, "हितं बरं हाय. बाहीर बी दिसतं, आत बी दिसतं." मंडळाची घटना मी फुलस्केप कागदावर नऊ पानं लिहून आणली होती. नानांनी ती सगळी माझ्याकडून वाचून घेतली आणि अर्धा तास ऐकून झाल्यावर म्हणाले, "ह्यात म्होरं कोण जाणार ते न्हाई." आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं, की मेंढरं हलवायच्या आधी कळपातला एक जाणता माणूस एकटा पुढं जातो. पाणी बघतो, चारा बघतो, परत येतो, मग कळप उठतो. तो माणूस परत आल्याशिवाय कुणी बिऱ्हाड बांधत नाही. "मेंढरासाठी एवढं करतो आमी. ही तर लोकांची पोरं हायती." तेव्हा घटनेत दहावं पान जोडलं गेलं. दर वर्षी शिबिराआधी एका विश्वस्तानं सगळी वाट स्वतः चालून यायची, प्रत्येक पाणवठ्याचं पाणी स्वतः प्यायचं, आणि मग चिटणीसानं नोंदवहीत लिहायचं, 'वाट पाहिली'.

आता मला जे सांगायचं आहे ते सोपं नाही. पण ते टाळून नानांविषयी लिहिलं, तर हा लेखही त्या नोंदीसारखाच होईल.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी वाट बघायची पाळी माझी होती. एप्रिलात शाळेचे पेपर तपासायचे होते, निकाल लावायचे होते. आदल्या वर्षी मी ती वाट चाललो होतो, नकाशाही माझ्याच हातचा होता. जतला पाणी आटेल, जावळीला कसं आटेल, असा माझा भौगोलिक सिद्धांत. मी गेलो नाही. नोंदवहीत मात्र 'वाट पाहिली' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली. नाना चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन लांब गेले होते. ते थेट शिबिराच्या दिवशी पायथ्याला येऊन मिळाले. निघताना त्यांनी विचारलं, "गुरुजी, वाट बगितली न्हवं?" मी म्हणालो, "बघितली."

बावीस मुलं होती. डोंगराच्या सोंडेवरच्या झऱ्यापाशी पोचायला दुपारचे बारा वाजले. सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या, कारण झऱ्यावर भरायच्या असं मीच सांगितलं होतं. आणि झऱ्याच्या जागी गाडीएवढी दरड बसलेली. खाली ओलसुद्धा नाही. मी दरडीभोवती दोनदा फिरलो, नकाशा उघडला, मिटला... नानांनी दरडीवर हात फिरवला. तिच्यावर शेवाळ होतं, वाळून काळं पडलेलं. ते हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही पावसाळ्यातली हाय, गुरुजी. ह्या उन्हाळ्यातली न्हाई." म्हणजे एप्रिलात मी आलो असतो तर ती मला दिसलीच असती. नानांना पुढं काही विचारायची गरजच नव्हती.

मग त्यांनी मुलांना कारवीच्या सावलीत बसवलं. बोलायचं नाही, तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायचा, असं बजावलं आणि पत्र्याचे दोन डबे घेऊन एकटेच उतारानं खाली गेले. तासाभरानं पलूसची सुलभा नावाची चौदा वर्षांची मुलगी बसल्या जागी कलंडली. तिचं अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं. मी टोपीनं वारा घालत होतो आणि तिच्याजवळ नव्हे, त्या सहीजवळ बसल्यासारखं मला वाटत होतं. नाना दोन तासांनी परत आले ते भरलेले डबे घेऊन. खाली एका उंबराच्या मुळाशी पाणी नव्यानं फुटलं होतं. त्यांनी आधी सुलभाच्या मानेवर, डोक्यावर पाणी थापलं, मग ओठाला लावलं, मग एकेका मुलाला मोजून दोन घोट दिले. स्वतः सगळ्यांत शेवटी प्यायले. सुलभा संध्याकाळपर्यंत उठून बसली. पण शिबिर तिथंच संपलं.

पुढच्या रविवारी दवाखान्यात पालक जमले. सुलभाचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, घरचा ऊस, आवाज परेडचा. त्यांनी एकच विचारलं, "वाट कुणी पाहिली होती?" मी नानांकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, त्यांनी मला सांभाळून घ्यावं असं मला वाटलं होतं. नानांनी तंबाखू पालथ्या हातानं झाडली आणि म्हणाले, "सांगा गुरुजी. मी सांगितलं तर ती चुगली हुईल. तुमी सांगितलं तर खरं हुईल." मी उभा राहून सांगितलं. माझ्या शब्दांपेक्षा छताचा पंखा मोठ्यानं वाजत होता. सुभेदार मुलीचा हात धरून निघून गेले. इतर पालकही एकेक करून उठले.

राहिलो चौघे. दोनतीन वर्षं काम थांबवू या, असं डॉक्टर म्हणाले. बाईंचंही तेच मत होतं. मी खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. तो आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, शुद्धलेखन तपासून. नानांनी तो उचलला, उलटा-सुलटा करून बघितला आणि माझ्या हातात परत दिला. "चूक बी कागदावर केली, अन् फेडताय बी कागदावरच? न्हाई जमायचं. तुमी पायानं केली न्हाई ती गोष्ट आता पायानं करा. अन् बंद कशाला करायचं, डॉक्टर? एक मेंढरू घसरलं म्हणून कोण डोंगर सोडतंय का?" डॉक्टर म्हणाले, "पण नाना, आता आपल्या नोंदीवर विश्वास कोण ठेवणार?" तर नाना म्हणाले, "नोंदीवर कशाला? दगूड ठिवू."

दगडांचा नियम तिथून आला. एकानं नव्हे, प्रत्येक विश्वस्तानं दर वर्षी वाट चालायची. आपल्या गावचा एक दगड घरून न्यायचा, वर उंबराखालच्या नव्या झऱ्यावर ठेवायचा. गेल्या सालचा आपला दगड आपण उचलून परत आणायचा. जितके विश्वस्त तितके नवे दगड वर मांडल्याशिवाय पोरांनी पायथा सोडायचा नाही. आणि वर पोचल्यावर मुलांनी पहिलं काम करायचं ते दगड मोजायचं. पुढच्या एप्रिलात आम्ही चौघे चाललो. माझा साताऱ्याचा काळा फत्तर, बाईंचा पाचगणीचा तांबडा जांभा, नानांचा जतच्या माळावरचा पांढरट चुनखडीचा. डॉक्टरांना सांगलीच्या काळ्या रानात दगड सापडेना, त्यांनी अर्धी वीट आणली. नाना म्हणाले, "चालंल. ओझं तर हाय." त्या वर्षी मुलं आली फक्त सात. आठवी सुलभा. ती आधीच हट्ट धरून बसली होती म्हणे, पण तिच्या आधी सुभेदार स्वतः एकटे वर जाऊन आले होते. नदीतला एक गुळगुळीत गोटा ते झऱ्यावर ठेवून आले. "पोरगी येणार तर बाप आधी बघणार," असं त्यांनी मला तुटकपणे सांगितलं. वर्षभरात ते पाचवे विश्वस्त झाले, आणि माझ्याशी नीट बोलायला त्यांना आणखी एक वर्ष लागलं.

नाना देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. ते ऐकूनच नाना थुंकले असते. ते हट्टी होते, एखाद्या मुलाचं कौतुक केलं असं कधी झालं नाही, पाणी सांडणाऱ्याला परत खाली पिटाळायचे. आणि माझी चूक त्यांनी सहजासहजी सोडली नाही. पुढची दोन वर्षं दर बैठकीत, मी नोंदवही उघडली की उंबऱ्यातून आवाज यायचा, "गुरुजी, वाट बगितली न्हवं?" सगळ्यांसमोर.  बाईंनी एकदा त्यांना समजावून पाहिलं, तर म्हणाले, "आवं बाई, जखम कोरडी हुईस्तवर झाकायची नसती." मग एका बैठकीत मी नोंदवही उघडली आणि आवाज आला नाही. मी मान वर करून बघितलं. नाना बाहेर रस्त्याकडं बघत होते. त्या दिवशी घरी गेल्यावर मला रडू आलं, हे आता सांगायला हरकत नाही.

आणीबाणीच्या वर्षी शिबिराची परवानगी काढायला आम्ही दोघं एका कचेरीत गेलो होतो. साहेबांनी विचारलं, रानात नेऊन पोरांना शिकवता काय? मी अर्जातली सात उद्दिष्टं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्यावर साहेबांना जांभई आली. नाना म्हणाले, "सायेब, पाणी कुठनं येतं ते शिकवतो." साहेब हसले, म्हणाले, "आमच्या नळाला येत नाही, ते कुठं जातं तेही शोधा," आणि सही केली. जिना उतरताना नाना म्हणाले, "तुमची सात बी चांगली हुती. पर लय हुती."

गेल्या एप्रिलात ते शेवटचे वर आले. चार पावलांवर थांबायचे. छातीत धाप लागत होती. मी त्यांचा दगड माझ्या पिशवीत घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाले, "ज्याचा त्यानं." झऱ्यावर पोचल्यावर त्यांनी जुना दगड काढला, नवा मांडला, ओंजळीनं पाणी प्यायले आणि बराच वेळ टेकून बसले. मी म्हणालो, "नाना, पुढच्या वर्षी तुमचा दगड मागच्याच सालचा धरू. तुम्हाला कोण विचारणार आहे?" ते म्हणाले, "मागच्या सालची वाट औंदा चालत न्हाई, गुरुजी. तुमास्नी तर म्हाईत पायजे."

...यंदाची बैठक त्यांच्या तेराव्यानंतर झाली. उंबरा रिकामा होता, आणि आम्ही सगळे आत-बाहेर करताना तो ओलांडत होतो, त्यावर पाय पडू देत नव्हतो. डॉक्टर म्हणाले, नानांचा पांढरा दगड वर आहे तो कायमचा तिथंच राहू द्या, भोवती सिमेंटचा ओटा करू, नाव कोरू. बाईंनी डोळे पुसत मान हलवली. मी नाही म्हणालो. अगदी सरळ. तो दगड गेल्या सालचा आहे, यंदा ती वाट कुणीतरी चालल्याचा तो पुरावा नाही, तो उचलला पाहिजे. मी कोरडा माणूस आहे, असं बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. सुभेदार तेवढे म्हणाले, "गुरुजी बरोबर बोलतायत." नानांच्या जागी सुलभाचं नाव आलं. ती आता वीस वर्षांची आहे, पलूसच्या शाळेत शिकवते. बापलेक एकाच मंडळात नकोत, असा मी एक खडा टाकून पाहिला. वडिलांशेजारी बसलेली सुलभा म्हणाली, "दहा पानांत कुठं लिहिलंय ते दाखवा, गुरुजी." लिहिलेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आम्ही पाचही जण चालून आलो. माझे गुडघे दुखतात, मी सगळ्यांत मागं होतो. वर पोचलो तेव्हा सुलभा झऱ्याशी उभी होती, हातात तिचा गोटा, पण ठेवत नव्हती. पांढरा दगड उचलल्याशिवाय जागा नव्हती आणि तो उचलायचं बळ तिच्यात नव्हतं. बाकीचेही इकडंतिकडं बघत होते. ज्याचा त्यानं उचलायचा, हा नियम; पण ज्याचा होता तो नव्हता. मी खाली बसलो, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि पिशवीत घातला. खालची माती वर्षभर झाकलेली, गार होती. सुलभानं तिथं आपला गोटा ठेवला. मग आम्ही मोजले, मोठ्यानं, मुलं मोजतात तसे. पाच भरले.

दगड जतच्या माळावर नेऊन ठेवायचा आहे. शिबिर संपलं की नेईन. तोवर तो माझ्या टेबलावर नोंदवहीवर ठेवला आहे. काल यंदाची नोंद लिहायला बसलो. वही उघडायची तर आधी तो दगड उचलावा लागतो.