वाटीतलं अंडं

हल्ली रोज सकाळी शेजारच्या मंगलताई आमच्या ओट्याशी येतात. न्याहारीची अंडी एकेक करून वाटीत फोडतात, वाटी नाकाशी नेतात आणि नुसती मान हलवतात. अजून नाही.

ताई अंड्याची पावडर करणाऱ्या कारखान्यात आहेत. तिथं अंडी यंत्र फोडतं, पण वास घ्यायला सरकत्या पट्ट्याशेजारी माणूसच लागतं. ते काम ताईंचं. एक नासकं अंडं आत गेलं, तर अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. गेल्या महिन्यातल्या तापानंतर ताईंना वासच येईनासा झाला. त्यांनी आपणहून साहेबांना तसं सांगितलं आणि साहेबांनी त्यांना पॅकिंगला बसवलं.

आज मी टेबलाशी पेपर वाचत होते. देशात अंड्याच्या पावडरीचं उत्पादन वाढतंच आहे, असं छापलं होतं. शेजारी वर चढत जाणारी एक रेघ होती. अशा रेघा आपल्या आपण चढतात, असंच मला इतकी वर्षं वाटायचं. आज मात्र तिच्यामागे मला एक नाक दिसत राहिलं. कुणाच्याही मोजणीत नसलेलं, सर्दीलासुद्धा भिणारं.

"अहो, नासकंय हे!" ताई ओरडल्या.

घाण वास माझ्यापर्यंतही आला. मी ओढणी नाकाला लावली आणि खिडकी उघडायला धावले. वळून पाहिलं, तर ताईंनी वाटी खाली ठेवलीच नव्हती. डोळे मिटून त्या पुन्हा एकदा खोल श्वास घेत होत्या.