जाबांगुन पणजोबांच्या हातातला भाला

तोबा तळ्याकडे तोंड करून जाबांगुन पणजोबांचा सिमेंटचा पुतळा उभा राहिला, तो भाला घेऊनच. खरं तर म्हशी हाकायच्या काठीशिवाय जन्मात दुसरं काही त्यांनी हातात धरलं नव्हतं. पण मेदान शहरात टायरच्या धंद्यात गब्बर झालेल्या पणतूला, पारुलियानला, गुराखी पूर्वज कसा चालावा? त्यानं मिशाही लावून घेतल्या.

गावात सगळे एकाच कुळाचे. मूळपुरुष कितीही पिढ्यांमागचा असो, एका कुळातली मुलं-मुली बहीणभाऊच. तिथंच पारुलियानच्या लेकीचं, रोंदांगचं, घोडं अडलं होतं. शेजारच्या वाडीतला लामहोत तिच्या मनात भरला होता, आणि त्याचं कुळ तेच.

"कुळ आड येतंय गं. नाहीतर मी कशाला नाही म्हटलं असतं?" पारुलियान तिला सांगायचा. तो खोटं बोलत नव्हता. पोरगा त्यालाही आवडायचा.

उद्घाटनाच्या सकाळी म्हातारी तियोदोर आत्या चुलीपाशी बसून पारुलियानला म्हणाली, "भाला कसला देतोस रे? माझा आजा पलीकडच्या काठावरून आला, पोट जाळायला. कुणाचा कोण. भांडण दिसलं की म्हशी वळवून दुसऱ्या वाटेनं जायचा. कुणाचंही पोर रडताना दिसलं, की खांद्यावर घ्यायचा. म्हशींच्या मालकाचं कुळ त्यानं आपलं आपणच लावलं."

"दत्तक घेतलं असेल ना त्याला?"

"दत्तक घ्यायचं तर डुक्कर कापावं लागतं, सगळं कुळ जेवायला बोलवावं लागतं. आज्यासाठी कुणी कोंबडीसुद्धा कापली नाही. तुझ्या बापानं शपथ घातली म्हणून मी गप्प होते. आता पोरीचं लग्न लाव."

दारात रोंदांग पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

बाहेर उलोस, म्हणजे हातमागावरची मानाची वस्त्रं, खांद्यावर टाकून वडीलधारे जमले होते. मांसाचे वाटे पडत होते. कोणता वाटा कुणाचा, हे कुळावरून आणि नात्यावरून ठरलेलं. कुळच नसेल, तर स्वतः घातलेल्या जेवणावळीत पारुलियानच्या वाट्याला काहीच येत नव्हतं.

तो माईकसमोर गेला. रोंदांग पुढेच उभी राहून त्याच्याकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं मूळपुरुषापासून जाबांगुनपर्यंत सगळी नावं घडाघडा म्हटली, एकदाही न अडखळता. म्हाताऱ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. तियोदोर आत्या उठून घरात गेली.

जेवणाला कुळातले तरुण वाढायला होते, म्हणून लामहोतही होता. मांसाचं घमेलं घेऊन तो रोंदांगपाशी आला.

"दादा, आधी बाबांना वाढ," ती म्हणाली.

त्या नावानं तिनं त्याला याआधी कधी हाक मारली नव्हती. लामहोतनं मान खाली घातली आणि पारुलियानच्या ताटात डुकराच्या डोक्याचा मानाचा तुकडा वाढला.