नागावचे पक्षी, उसन्या डोळ्यांनी

या ब्लॉगवर आजवर लिहीत आले ते आमचे सुधीरराव. मी फक्त डबा भरायची, पाण्याच्या बाटल्या उचलायची आणि "तो बघ, तो बघ" म्हटलं की दिसो न दिसो, मान डोलवायची. यावेळी लिहायची पाळी माझ्यावर आली, कारण गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. उपचार झाले, ते वाढायचं थांबलं, पण नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका राहिला तो राहिलाच. समोरच्या माणसाच्या कडा त्यांना दिसतात, चेहरा दिसत नाही.

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, तेव्हा एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "नागावला जाऊन येऊ. दुर्बीण दिनेशला देऊन टाकतो. कपाटात बुरशी धरण्यापेक्षा त्याला उपयोगी पडेल."

दिनेशभाऊंची नागावला नारळ-पोफळीची वाडी आहे. वाडीतल्या तीन खोल्या ते पाहुण्यांना देतात, आणि दरवर्षी पाऊस सरला की आम्ही तिथे उतरतो. मी "बरं" म्हटलं आणि कूकर लावायला गेले. पण मला पक्कं माहीत होतं, दुर्बीण गेली की हा माणूस पुन्हा किनाऱ्यावर पाऊल टाकणार नाही, घरात रेडिओ लावून बसेल. मला ती दुर्बीण परत डोंबिवलीला आणायची होती. कशी, ते ठाऊक नव्हतं.

गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. तुम्हीही हाच मार्ग घ्या. वडखळच्या रस्त्यावर कंबर मोडून घेण्यापेक्षा पाण्यावरचा तासाभराचा वारा फार बरा, आणि दोघांचं तिकीट बाहेरच्या एका माशाच्या थाळीहून स्वस्त. फक्त आदल्या दिवशी चौकशी करा. ओहोटीला रेवसच्या धक्क्याशी पाणी उतरतं आणि वेळा मागेपुढे होतात.

धक्का सुटताच लाँचमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागला. शेजारची छोटी मुलगी ओरडली, "मम्मी, कबूतर!"

"कबूतर नाही गं, बदक आहे ते," आई म्हणाली.

"कुरव," सुधीरराव पुटपुटले. मान वळवलीसुद्धा नव्हती. नुसत्या ओरडण्यावरून ओळखलं होतं. मी विचारलं, "मग आजचा पहिला पक्षी धरायचा का?"

"पाहिला कुठे मी?"

इथे त्यांचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जो पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिला नाही तो धरायचा नाही, म्हणजे पाहिलेल्यांत मोजायचा नाही. दुसऱ्याने पाहिलेला तर मुळीच नाही. बायकोचीही सुटका नाही. खूप वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या खाडीपुलाजवळ हे गाडीचं पंक्चर काढून घेत होते आणि मी रस्त्याकडेला उभी होते. माझ्या डोक्यावरून एक भलामोठा पक्षी पायात मासा घेऊन गेला. मी म्हटलं, समुद्री गरुड. हे म्हणाले, घार असेल. तो गरुड आजतागायत धरलेला नव्हता, आणि मी तो आजतागायत विसरले नव्हते.

रेवसहून एसटीने अलिबाग, पुढे रिक्षाने नागाव. दिनेशभाऊंच्या दारावर नवान्नाच्या भाताच्या लोंब्या अजून टांगलेल्या होत्या आणि चिमण्या त्यातले दाणे टिपत होत्या. जेवायला नीतावहिनींनी जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. राहणं-जेवण मिळून एका माणसाला किती, ते फोनवर आधीच ठरवून घ्या. शनिवार-रविवार भाव चढतो आणि गर्दीही. आम्ही मंगळवारी गेलो, अख्खी वाडी आमचीच होती.

हात धुऊन होतात न होतात तोच सुधीररावांनी दुर्बिणीची पिशवी पुढे केली. दिनेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"आताच देताव व्हय? मग सकाळला किनाऱ्यावर काय हात हलवत जानार?"

"मला त्यातून दिसत नाही, दिनेश."

"वैनींना दिसतंय न्हवं? जाताना द्या. मी काय कुठं पळून जात न्हाय."

दिनेशभाऊंचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

समुद्रावरचे पक्षी बघायचे तर पहाटे उठण्यापेक्षा भरतीची वेळ बघून जा, हे सुधीररावांचं जुनं सांगणं. ओहोटीला पक्षी पार लांब चिखलात पांगतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत आपल्याजवळ आणतं. त्यांनीच हिशेब केला आणि चहा पिऊन आम्ही आक्षीच्या बाजूला चालत गेलो. सुरूच्या झाडांखाली चटई टाकली. त्यांना थर्मास दिला आणि दुर्बीण माझ्या गळ्यात घातली.

"दोन गोल दिसतायत," मी म्हटलं.

"जवळ आण, एक होईल. आता मधलं चाक फिरव. अगं, हळू! शिवणयंत्राचं चाक आहे का ते?"

पस्तीस वर्षं ब्लाउज शिवून घर चालवायला हातभार लावला आहे मी, माझा हात चाकावर तसाच जाणार. पण एकदाचं चित्र स्वच्छ झालं आणि मी गप्पच झाले. वाळूवर शेकड्याने पक्षी होते. आजवर मी ज्याला नुसती मान डोलवत होते, ते हे होतं!

"बोल की. काय दिसतंय?"

नावं मला कुठली यायला? जे येतं त्या भाषेत सांगू लागले. "एक चिमुकला आहे. पाठ खाकी, पोट पांढरं, गळ्याला काळी पायपिंग. धावतो, थबकतो, परत धावतो."

"पायपिंग पूर्ण गोल आहे की पुढे तुटलेली?"

"तुटलेली. बटणपट्टीला जागा सोडावी तशी."

"केंटिश चिखल्या." ते जरा सरसावून बसले. "पुढे?"

"एक मोठा. मातकट चिटाचं कापड. चोच ही एवढी लांब, गादीवाल्याच्या सुईसारखी खाली वाकलेली."

"कोरल! वा!"

असं बराच वेळ चाललं. मी कापड सांगायची, हे नाव सांगायचे. मध्येच ते हसलेसुद्धा, कारण एका पक्ष्याला मी "अस्तर बाहेर आलेला" म्हटलं. पाणी चढत होतं, आणि एका वाळूच्या पट्ट्यावर आठ-दहा पक्षी येऊन उतरले.

"हे नवीन आहेत. काळा कोट, आत पांढरं. पाय गुलाबी. आणि चोच... अहो, चोच म्हणजे गाजर!"

सुधीरराव असे उठले की थर्मास कलंडला आणि सगळा चहा वाळूने प्यायला. "गाजर म्हणजे? लाल? सरळ? नक्की सरळ?"

"पट्टीने आखल्यासारखी सरळ."

"कालवफोड्या," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. शिंपल्यांतली कालवं फोडून खाणारा हा पाहुणा बघायला ते वर्षानुवर्षं या किनाऱ्यावर येत होते. कधी आम्ही पोचायच्या आधी उडून जायचा, कधी भरतीच चुकायची. त्यांनी माझ्या गळ्यातूनच दुर्बीण ओढून डोळ्यांना लावली. मान उजवीकडे तिरकी केली, मग डावीकडे. नजरेच्या कडेने पकडायचा प्रयत्न करत होते.

"काळं-पांढरं काहीतरी हललंसं वाटलं," शेवटी ते म्हणाले. दुर्बीण सोडली आणि खाली बसले. "वाटलेलं धरता येत नाही."

मला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला. "खड्ड्यात गेला तुमचा नियम! मी पाहिलं, पण मला नाव येत नव्हतं. तुम्ही नाव सांगितलं, पण तुम्हाला दिसत नव्हतं. दोघांनी मिळून एक अख्खा पक्षी पाहिला की नाही? मग तो कुणाचाच नाही म्हणता?"

तेवढ्यात नागावच्या बाजूला पाण्यातल्या खेळांच्या बोटींची इंजिनं धडधडली आणि पट्ट्यावरचे पक्षी तीक्ष्ण शिट्ट्या मारत उडाले. पंखांवरची पांढरी पट्टी चमकली, तीही मी सांगितली. सुधीरराव त्या शिट्ट्यांच्या मागे मान फिरवत राहिले, पार ऐकू येईनाशा होईपर्यंत. या बोटी नाश्त्याच्या सुमाराला सुरू होतात, तेव्हा तुमचं पक्षी बघणं त्याआधी उरका.

दुपारी ते आपणहून म्हणाले, "थळला जाऊ या का? वाळवणावर घारी असतील." मला मनातून कोण आनंद झाला! थळच्या किनाऱ्यावर खत कारखान्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर समुद्रात खांदेरीचा किल्ला दिसतो आणि अलीकडे बांबूंवर बोंबील वाळत असतात. ब्राह्मणी घारी इतक्या खाली येत होत्या, की विटकरी अंग आणि पांढरं डोकं सुधीररावांना दुर्बिणीशिवाय दिसलं. बोंबील राखत बसलेल्या मावशींनी विचारलं, "काय बघताव?"

"घार बघतोय, मावशी."

"तिला दुर्बिनीतून काय बघायचं? काठी घेऊन बघा! अर्धं वाळवण तिच्या पोटात हाय."

मावशींकडून सुके बोंबील घेतले. ते नीट बांधून घ्या, नाहीतर परतीच्या लाँचमध्ये शेजारी कुणी बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दिनेशभाऊ फाटकाशी आले. सुधीररावांनी पिशवी उघडली, आत हात घातला आणि थांबले. पिशवी रिकामी होती. दुर्बीण माझ्या गळ्यात होती. खरं सांगते, मी मुद्दाम ठेवली नव्हती. पहाटे वाडीत धनेश पक्षी ओरडला म्हणून धावत बाहेर गेले होते आणि काढायची राहून गेली. मी पट्टा डोक्यावरून काढू लागले.

"राहू दे," सुधीरराव म्हणाले. "तिला अजून चाक हळू फिरवता येत नाही. शिकवायला वेळ लागेल, दिनेश."

"लागू द्या की," दिनेशभाऊ म्हणाले. "मला नारळ बघायला दुर्बीन लागत न्हाय." आणि एक शहाळं सोलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

घरी येऊन आता आठवडा झाला. बोंबलांचा वास स्वयंपाकघरातून जायचं नाव घेत नाही. डोळ्यातला ठिपका आहे तिथेच आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. पण रोज सकाळी चहा घेऊन आम्ही गच्चीत बसतो, मी कापड सांगते आणि हे नाव सांगतात. त्या किनाऱ्याचे, त्या भरतीचे, दिनेशभाऊंचे किती आभार मानावेत ते कळत नाही. इतकी वर्षं मी नुसती डबा घेऊन सोबत होते, आता खरी सोबत करते आहे.

काल बसल्या बसल्या त्यांनी एकदम विचारलं, "त्या रेवदंड्याच्या पक्ष्याचं पोट कसं होतं गं?"

"पांढरंशुभ्र. नव्या मांजरपाटासारखं."

"आणि पंख खालून?"

"पुढून पांढरे, मागची किनार काळी. शेपूट आखूड, पाचरीसारखं."

त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ समोरच्या इमारतीकडे बघत राहिले, जणू तो तिथूनच चालला होता.

"समुद्री गरुड," ते म्हणाले. "धर."